माध्यमिक शाळेतील गुण कसे सुधारावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दररोज कित्येक तास अभ्यास करूनही गुण जागचे हलत नाहीत. असे का होते?

अभ्यासाला किती तास दिले यापेक्षा त्या तासांत नेमके काय चालले होते, हे आधी तपासून पाहावे. धडा पुन्हा पुन्हा वाचला की मजकूर ओळखीचा होतो, वाक्ये डोळ्यांखालून सहज सरकू लागतात आणि 'हे मला येते' असे वाटू लागते. परीक्षेत मात्र पुढ्यात धडा नसतो. कोऱ्या कागदावर सगळे स्वतः आठवून मांडावे लागते. वाचलेले ओळखता येणे आणि न पाहता आठवता येणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचा कितीही सराव केला तरी दुसरी आपोआप साधत नाही.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात हा फरक स्पष्ट दिसतो. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून नंतर न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे किंचित पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवला. पुनर्वाचनाचा फायदा लगेच जाणवतो आणि लवकर ओसरतो, म्हणून तो फसवा ठरतो. परीक्षा काही धडा वाचून झाल्यावर पाच मिनिटांनी होत नाही.

प्रत्यक्षात करायचे ते साधे आहे. धड्याचा एक भाग वाचावा, पुस्तक मिटावे आणि त्यातील मुख्य मुद्दे कच्च्या वहीत न पाहता लिहावेत. मग पुस्तक उघडून काय सुटले, काय चुकले हे वेगळ्या रंगाच्या पेनाने नोंदवावे. पहिले काही दिवस हे नकोसे वाटते, कारण वाचताना न दिसलेले अज्ञान कागदावर ढळढळीत दिसू लागते. अभ्यासाची खरी सुरुवात त्या नकोशा वाटण्यापासूनच होते, असे माझे मत आहे.

सुधारणेची सुरुवात नेमकी कुठून करावी?

जुन्या उत्तरपत्रिकांपासून. बहुतेक विद्यार्थी उत्तरपत्रिका हातात पडताच एकूण गुण पाहतात, शेजाऱ्याचे गुण विचारतात आणि ती दप्तरात कोंबतात. वास्तविक आपले गुण कुठे गळतात, याची यापेक्षा अचूक माहिती देणारा दुसरा कागद नसतो. मागील दोन-तीन चाचण्यांच्या उत्तरपत्रिका समोर ठेवाव्यात आणि गमावलेल्या प्रत्येक गुणापुढे तो का गेला, हे एका शब्दात लिहावे. ढोबळमानाने पाच कारणे आढळतात : आशय माहीतच नव्हता, माहीत होता पण आठवला नाही, प्रश्न नीट वाचला नाही, उत्तर अपुरे किंवा विस्कळीत लिहिले, आणि वेळ पुरला नाही. यांतील प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे, म्हणून 'आता जास्त अभ्यास करीन' हा सरसकट निश्चय फारसा उपयोगी पडत नाही.

उदाहरणार्थ, बीजगणितातील ७ − (क्ष − ५) ही राशी घेऊ. कंस सोडवून तिचे उत्तर १२ − क्ष येते. एखाद्या विद्यार्थ्याने २ − क्ष असे लिहिले असेल, तर कंसाबाहेरील वजा चिन्हाने आतल्या दोन्ही पदांची चिन्हे बदलतात, हे त्याच्या हातातून निसटले आहे. ही चूक एका उत्तरपत्रिकेत एकदाच दिसली तर ती घाई असेल. पण समीकरणे, अवयव आणि भूमिती अशा तीन ठिकाणी तीच दिसली, तर तो 'निष्काळजीपणा' नव्हे, तो न शिकलेला नियम होय. अशा वेळी तीन प्रकरणे पुन्हा करण्याची गरज नसते. केवळ कंस सोडवण्याची वीसेक उदाहरणे लक्षपूर्वक करणे पुरते.

विज्ञानातही असेच घडते. 'लोखंडी वस्तू दमट हवेत लवकर गंजते, कारण द्या' या प्रश्नाला पुष्कळ विद्यार्थी गंजण्याची व्याख्या लिहून मोकळे होतात. व्याख्या बरोबर असते, पण प्रश्न व्याख्येचा नसतो. लोखंड गंजण्यासाठी ऑक्सिजन आणि पाणी हे दोन्ही लागतात आणि दमट हवेत दोन्ही एकाच वेळी उपलब्ध असतात, असा दुवा जोडला तरच ते कारण ठरते. म्हणून 'व्याख्या लिहा', 'फरक स्पष्ट करा', 'कारण द्या' आणि 'टीप लिहा' यांत परीक्षकाला वेगवेगळे काय अपेक्षित असते, हे शिक्षकांकडून एकदा नीट समजून घ्यावे. काहींचे गुण तर केवळ एवढ्यानेच वाढतात, आणि त्यासाठी एकही नवा धडा वाचावा लागत नाही.

सगळेच विषय कच्चे आहेत. आधी कोणता हाती घ्यावा?

आवडत्या विषयाचा अभ्यास करीत राहण्याचा मोह सर्वांनाच होतो, कारण तिथे यश लवकर दिसते. पण थोडा हिशेब करून पाहावा. सहा विषय असतील आणि ज्या विषयात १०० पैकी ८८ मिळतात त्यात ९२ मिळवले, तर सरासरी पाऊण टक्क्यानेही वाढत नाही. तेच ज्या विषयात ४५ मिळतात तो ६५ वर नेला, तर सरासरी तीन टक्क्यांहून अधिक वाढते. शिवाय ४५ वरून ६५ वर जाण्यासाठी मूलभूत गोष्टी पक्क्या करणे पुरेसे असते, तर ८८ वरून पुढे सरकण्यासाठी बारीकसारीक त्रुटी शोधत बसावे लागते.

अंतिम निकालात कोणत्या परीक्षेला किती भार आहे, हेही वर्षाच्या सुरुवातीलाच माहीत करून घ्यावे. समजा, चाचण्यांना ४० टक्के आणि वार्षिक परीक्षेला ६० टक्के भार आहे. चाचण्यांत सरासरी ५५ टक्के मिळाले असतील आणि एकूण ७० टक्क्यांचे उद्दिष्ट असेल, तर वार्षिक परीक्षेत ८० टक्के मिळवावे लागतील. हा आकडा चाचण्या संपल्यावर कळण्यापेक्षा पहिल्या चाचणीनंतरच कळलेला बरा.

केलेला अभ्यास काही दिवसांत विसरायला होतो. उजळणी किती दिवसांनी करावी?

विसरणे हा दोष नाही. ते स्मरणशक्तीचे नेहमीचे काम आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच केलेल्या आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले, की पाठ केलेले पहिल्या काही तासांत झपाट्याने विसरते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. त्यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ केले होते. अर्थ समजून वाचलेला धडा इतक्या वेगाने पुसला जात नाही, पण कल तोच असतो.

सलग चार तास एकच धडा करण्यापेक्षा तेच चार तास वेगवेगळ्या दिवशी विभागून दिले, तर धडा जास्त काळ लक्षात राहतो. दोन उजळण्यांत किती अंतर असावे, हे परीक्षा किती लांब आहे यावर अवलंबून असते. निकोलस सेपेडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले, की चाचणी आठवड्यावर असेल तेव्हा त्या कालावधीच्या २० ते ४० टक्के, म्हणजे साधारण दीड ते तीन दिवसांचे अंतर सर्वाधिक लाभदायक ठरते. चाचणी वर्षभराने असेल तर ५ ते १० टक्के, म्हणजे सुमारे तीन ते पाच आठवड्यांचे. हे आकडे काटेकोर पाळण्याची गरज नाही. वर्गात धडा झाला त्याच दिवशी एकदा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने आणि त्यानंतर महिन्याने, एवढा क्रम पुरेसा आहे. मात्र प्रत्येक वेळी आधी न पाहता आठवावे आणि मगच पुस्तक उघडावे.

व्याख्या, सनावळ्या, सूत्रे आणि परभाषेतील शब्द यांच्यासाठी सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७० च्या दशकात मांडलेली कार्डांची पद्धत सोपी आहे. कार्डाच्या एका बाजूस प्रश्न आणि दुसऱ्या बाजूस उत्तर लिहावे आणि सगळी कार्डे कप्पे असलेल्या पेटीच्या पहिल्या कप्प्यात ठेवावीत. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि त्याची पाळी उशिरा येते. चुकले की ते पहिल्या कप्प्यात परतते आणि दुसऱ्याच दिवशी समोर येते. जे येते त्यावर वेळ घालवणे यामुळे आपोआप टळते.

वर्गात गणिते सुटतात, परीक्षेत मात्र काहीच सुचत नाही. याचे कारण काय?

पुस्तकातील सरावसंच प्रकरणवार असतात. वर्गसमीकरणांच्या प्रकरणाखाली दिलेले प्रत्येक उदाहरण वर्गसमीकरणाचेच असते, त्यामुळे कोणती रीत वापरायची हा निर्णय विद्यार्थ्याला घ्यावाच लागत नाही. परीक्षेत प्रश्नाच्या माथ्यावर प्रकरणाचे नाव छापलेले नसते, आणि निम्मी अडचण तिथेच असते.

डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी घनफळाची उदाहरणे प्रकारवार सोडवली, तर काहींनी तीच उदाहरणे मिसळून सोडवली. सराव चालू असताना प्रकारवार सोडवणारे खूप पुढे होते. आठवड्यानंतरच्या परीक्षेत मात्र त्यांना सुमारे २० टक्के, तर मिसळून सराव करणाऱ्यांना सुमारे ६३ टक्के उदाहरणे सुटली. म्हणून नवे प्रकरण शिकताना सुरुवातीची काही उदाहरणे सलग करावीत. पण रीत हाताखाली आली की मागील चार-पाच प्रकरणांतील एकेक उदाहरण चिठ्ठी टाकून निवडावे. अशा सरावात चुका जास्त होतात, म्हणून विद्यार्थी तो लवकर सोडून देतात. सरावातील चुकांना गुण कापले जात नाहीत, हे लक्षात ठेवावे.

सोडवलेले उदाहरण नुसते वाचणे हाही एक सापळा आहे. नवीन रीत समजून घेण्यासाठी ते जरूर वाचावे, पण नंतर ते झाकून कोऱ्या पानावर पहिल्या पायरीपासून स्वतः मांडावे. पुढची पायरी सुचली नाही, तर तेवढीच ओळ पाहून पुन्हा झाकावे.

महत्त्वाच्या ओळी रंगवणे, नोट्स काढणे यांचा उपयोग होतो का?

रंगवण्याचा फारसा होत नाही. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरील संशोधनाचा आढावा घेतला. त्यात अधोरेखन आणि पुनर्वाचन यांची उपयुक्तता कमी ठरली, तर स्वतःची चाचणी घेणे आणि उजळणी विभागून करणे या दोनच पद्धतींना वरची श्रेणी मिळाली. संपूर्ण पान पिवळे करून ठेवले की अभ्यास झाल्याचे समाधान मिळते, एवढेच.

नोट्सचे मूल्य त्या कशा काढल्या यावर ठरते. पुस्तकातील वाक्ये सुवाच्य अक्षरात उतरवून काढणे म्हणजे हाताचा व्यायाम होय. वर्गात ऐकलेले स्वतःच्या शब्दांत मांडावे, समासात प्रश्न लिहावेत आणि पुढे उजळणीच्या वेळी मजकूर झाकून केवळ समासातील प्रश्नांची उत्तरे द्यावीत. अशा नोट्स थोड्या गबाळ्या दिसल्या तरी चालतील.

दिवसाला किती तास अभ्यास करावा? वेळापत्रक पाळलेच जात नाही.

सर्वांना लागू पडेल असा आकडा नाही. वेळापत्रक बहुधा मोडते, कारण ते उत्साहाच्या भरात, एकही दिवस आजारी पडणार नाही आणि घरी पाहुणे येणार नाहीत असे गृहीत धरून केलेले असते. मग नव्याचे नऊ दिवस सरले की ये रे माझ्या मागल्या. त्याऐवजी आठवड्यातला एक दिवस राखीव ठेवावा, म्हणजे राहिलेले तिथे भरून काढता येते. तसेच 'सहा ते आठ : विज्ञान' असे लिहिण्यापेक्षा 'विद्युतधारेवरील पाच उदाहरणे आणि दोन आकृत्या न पाहता' असे लिहावे, काम संपले की नाही, हे मग घड्याळाला विचारावे लागत नाही. पंचवीस-तीस मिनिटे एकाग्रतेने काम आणि त्यानंतर पाच मिनिटे विश्रांती ही विभागणी अनेकांना मानवते, पण एखादे लांबलचक गणित रंगात आले असेल तर केवळ घंटा वाजली म्हणून ते अर्धवट सोडू नये.

अभ्यासाच्या वेळी मोबाइल जवळ असला तर बिघडते का?

बिघडते. तो दुसऱ्या खोलीत ठेवावा. धडा मोबाइलवरच वाचायचा असेल, तर सूचना बंद करून आवश्यक तेवढा भाग आधीच उतरवून घ्यावा. दर संदेशाला केवळ अर्धे मिनिट जाते हा युक्तिवाद चुकीचा आहे, कारण संदेश पाहिल्यानंतर गणिताच्या तुटलेल्या पायरीवर परत येण्यासाठी लागणारा वेळ त्यात कोणी धरत नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री जागून अभ्यास केल्याने फायदा होतो का?

तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच तो प्रकार आहे. दुसऱ्या दिवशी काही सुटे तपशील आठवतीलही. पण झोप न झालेल्या मेंदूला प्रश्नाचा रोख ओळखणे, आकडेमोड सांभाळणे आणि उत्तराची मांडणी करणे जड जाते, शिवाय दिवसभर शिकलेले पक्के करण्याचे बरेच काम झोपेतच होते. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये १३ ते १८ या वयोगटासाठी ८ ते १० तास झोपेची शिफारस केली आहे. या वयात झोप येण्याची नैसर्गिक वेळही पुढे सरकते, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत जागणारा प्रत्येक मुलगा किंवा मुलगी आळशी असते असे नाही. तरीही शाळेची वेळ बदलत नसेल, तर रात्रीचा पडदा, मग तो दूरदर्शनचा असो वा मोबाइलचा, लवकर बंद करणे हाच उपाय उरतो.

'मी पाहून शिकणारा आहे, वाचून नाही', हे खरे असू शकते का?

आवडनिवड खरी असते. परंतु प्रत्येकाची ठरावीक 'अध्ययनशैली' असते आणि तिच्याप्रमाणे शिकवल्यास तो अधिक शिकतो, या कल्पनेला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष हॅरोल्ड पॅशलर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काढला. पद्धत विषयाने ठरवावी : नकाशा पाहूनच शिकावा, उच्चार ऐकूनच.

शंका विचारायला संकोच वाटतो. काय करावे?

'मला हा धडा समजला नाही' असे म्हटले, तर शिक्षकांनाही उत्तर कुठून सुरू करावे हे कळत नाही. 'तिसऱ्या पायरीपर्यंत आले, चौथ्या पायरीत दोन्ही बाजूंना वर्ग का केला हे कळले नाही' असा प्रश्न विचारला तर दोन मिनिटांत उत्तर मिळते. भर वर्गात बोलणे अवघड वाटत असेल, तर तास संपल्यावर वही घेऊन जावे. प्रयत्न केलेले पान पाहून रागावणारे शिक्षक क्वचितच भेटतात.

समजलेला भाग एखाद्या वर्गमित्राला शिकवून पाहणे हाही उत्तम उपाय आहे. समजावताना आपण जिथे अडखळतो, तिथेच आपली समज कच्ची असते. गटाने अभ्यास करायचा असल्यास तिघेचौघेच असावेत आणि प्रत्येकाने आधी स्वतंत्र प्रयत्न करून यावे. नाहीतर एक जण सोडवतो आणि बाकीचे माना डोलावतात.

शिकवणी लावल्याने गुण वाढतात का?

कधी वाढतात, कधी नाही. पाया कच्चा असेल आणि शिकवणारी व्यक्ती त्या एका विद्यार्थ्याच्या चुका पाहून शिकवत असेल, तर निश्चित उपयोग होतो. पण शाळेतलेच व्याख्यान पुन्हा एकदा मोठ्या गटात ऐकायचे असेल, तर स्वतः सराव करण्याचे दोन तास मात्र जातात. मागील इयत्तांतील अपूर्णांक, ऋण संख्या किंवा साधी वाक्यरचना पक्की नसेल, तर त्या इयत्तेचे पुस्तक लाज न बाळगता हाती घ्यावे. सुट्टीचे दोन-तीन आठवडे त्यासाठी दिले, तर पुढचे वर्ष पुष्कळ सुकर होते.

परीक्षेत वेळ पुरत नाही आणि भीतीने येत असलेलेही आठवत नाही. यावर उपाय आहे का?

तीन तासांच्या आणि १०० गुणांच्या परीक्षेत एका गुणाला सरासरी १ मिनिट ४८ सेकंद मिळतात. वाचन आणि फेरतपासणी यांसाठी २० मिनिटे बाजूला ठेवली, तर एका गुणाला १ मिनिट ३६ सेकंद उरतात. म्हणजे चार गुणांच्या प्रश्नाला साडेसहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देणे महागात पडते. अडलेला प्रश्न जागा सोडून पुढे जावे, कारण पहिल्या दोन गुणांपेक्षा शेवटचे दोन गुण मिळवायला नेहमीच जास्त वेळ लागतो. उत्तर पूर्ण येत नसले तरी सूत्र, दिलेली माहिती, आकृती आणि पहिली पायरी लिहावी. जिथे पायऱ्यांना गुण असतात, तिथे कोरे पान हाच सर्वांत मोठा तोटा असतो.

भीती बऱ्याच अंशी अनोळखीपणातून येते. परीक्षेआधीच्या महिन्यात किमान तीन-चार प्रश्नपत्रिका पूर्ण वेळ लावून, मध्ये न उठता, पुस्तक दूर ठेवून सोडवाव्यात आणि आदर्श उत्तरांशी ताडून कठोरपणे तपासाव्यात. घरच्या टेबलावर एकदा वेळ अपुरा पडला, की कुठे हात आखडायचा हे परीक्षेआधीच समजते. मात्र धडधड, मळमळ किंवा झोप उडणे असा त्रास आठवडेच्या आठवडे राहत असेल, तर समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची मदत घ्यावी.

पालकांनी नेमके काय करावे?

'किती गुण पडले?' या प्रश्नाच्या जोडीला 'कोणता प्रश्न चुकला आणि का?' हा प्रश्न विचारावा, आणि उत्तर ऐकताना चेहरा शांत ठेवावा. इतर मुलांशी तुलना केल्याने मूल उत्तरपत्रिका लपवायला शिकते, आणि मग ती पाहून उपाय शोधण्याची वाटच बंद होते. विषय स्वतःला येत नसला तरी कार्डे हातात घेऊन प्रश्न विचारणे कोणत्याही पालकांना जमते.

हे सर्व सुरू केल्यावर फरक कधी दिसतो?

प्रश्न नीट वाचणे आणि वेळेची विभागणी यांचा परिणाम पुढच्याच चाचणीत दिसू शकतो. आठवून लिहिण्याचा आणि विभागलेल्या उजळणीचा परिणाम एका सत्रात जाणवतो. कच्चा पाया भरून काढायला वर्ष लागू शकते, आणि या काळात गुण स्थिर राहिले तरी चुकांचे स्वरूप बदलते आहे का, हे पाहावे. पूर्वी रीतच चुकत होती आणि आता केवळ आकडेमोड चुकते, तर ती प्रगतीच आहे.

मनापासून प्रयत्न करूनही काहीच बदल झाला नाही तर?

तेव्हा केवळ मेहनतीला दोष देत राहू नये. फळा नीट न दिसणे किंवा कमी ऐकू येणे या साध्या अडचणीही वर्षानुवर्षे लक्षात येत नाहीत, म्हणून आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. तोंडी उत्तरे उत्तम पण वाचन-लेखनात सतत अडखळणे हे डिस्लेक्सियाचे, तर आकड्यांची मूलभूत जाणीवच न जुळणे हे डिस्कॅल्क्युलियाचे लक्षण असू शकते. या अडचणींचा बुद्धिमत्तेशी संबंध नसतो. पूर्वी बरे गुण मिळवणारा विद्यार्थी एकाएकी सर्वच विषयांत घसरला आणि मित्र, खेळ, जेवण यांतूनही त्याचे मन उडाले, तर कारण अभ्यासाबाहेर आहे असे समजून आधी त्याच्याशी बोलावे आणि गरज भासल्यास तज्ज्ञांकडे न्यावे. अध्ययन अक्षमतेचे निदान झाल्यास अनेक परीक्षा मंडळे जादा वेळ किंवा लेखनिकाची सोय देतात. त्यासाठी तज्ज्ञांचे प्रमाणपत्र आणि मुदतीत केलेला अर्ज लागत असल्याने ही तपासणी परीक्षा तोंडावर येण्यापूर्वी, शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच करून घ्यावी.